अल्बमवरचा तो टोप आपल्या आईचा नव्हे

कॅटफर्ड, लंडन
रविवार दुपार, चर्चहून आल्या आल्या (टोपी अजून डोक्यावरच आहे)

आदरणीय आणि लाडक्या इसिल्डाताईस,

धाकट्या डेलरोझचा मनापासून नमस्कार. देवाच्या दयेने मी इकडे बरी आहे, म्हणजे उजवा गुडघा सोडून. डावाही फारसा कौतुक करण्यासारखा नाही, पण तो निदान गप्प असतो. तुझी साखर कशी आहे? तिकडे आपल्या बेटावर मँडेव्हिलला डोंगरावरची थंड हवा, तेव्हा झोप तरी चांगली लागत असेल. शेजाऱ्यांची बकरी अजून तुझं कुंपण खाते का? तू स्वतः जाऊन तिला दम दिलास असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस, त्याचा पुढे काय परिणाम झाला ते कळव. (चाळीस वर्षं तू इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून मोठमोठ्या डॉक्टरांना चळाचळा कापायला लावलंस, तिथे बकरीचं काय घेऊन बसलीस.) उत्तराला चार महिने लावले म्हणून रागावू नकोस. या चार महिन्यांत माझ्या आयुष्याचं जे मातेरं झालं आहे ते वाचलंस तर तूच म्हणशील, डेल, तू अजून पेन धरू शकतेस हेच खूप.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पुढे गैरसमज नको. तुझ्या रेडिओवर, किंवा चर्चच्या बायकांकडून, किंवा त्या बकरीवाल्यांच्या नातीच्या फोनवर जर तुला आपल्या जर्मेनच्या नव्या अल्बमबद्दल काही ऐकायला मिळालं, आणि त्यात एका टोपाचा उल्लेख असला, तर तो टोप आपल्या आईचा नव्हे. आईचा टोप सात वर्षांपूर्वी, आई गेल्यावर महिन्याभरात, तडकला. मी तुला तसं फोनवर सांगितलं होतं, तू बंदरावर होतीस आणि तुझं सामान तेव्हा जहाजात चढत होतं. कचऱ्याची गाडी तो घेऊन गेली, फक्त झाकण वाचलं, ते मी तुला पोस्टाने पाठवलं. हे सगळं तुला आठवत असेलच. मी फक्त पुन्हा एकदा लिहून ठेवते आहे.

तर जर्मेन. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि आपल्या लेनर्डच्या मागच्या खोलीत गादी भिंतीला उभी लावून तिच्यापुढे तोंडाने भराभरा काहीतरी म्हणत बसायचा. आपल्या भावाला वाटायचं पोराला वात झालाय. आता तोच जर्मेन 'टर्मिनस' या नावाने ओळखला जातो. (नावामागे काही मोठा विचार नाही. शाळेतून येताना बसमध्ये झोपायचा आणि शेवटच्या थांब्यावर पोचायचा, मग लेनर्ड स्वतःची बस चालवून संपल्यावर दुसऱ्याच्या बसमधून त्याला उचलून आणायचा.) पहिले दोन अल्बम काढले तेव्हा आमच्या चर्चने त्याच्यासाठी उपास धरले. शब्द इतके भराभर यायचे की शिव्या कुठल्या आणि वचनं कुठली ते कळेना, म्हणून पास्टरांनी सरसकट सगळ्यासाठीच प्रार्थना केली. पण ते बरं होतं गं ताई. तेव्हा त्याची गाणी फक्त त्याच्यासारखीच टोप्या पुढे ओढून चालणारी पोरं ऐकायची, आणि मी बाजारात कुणाच्या नजरेत न येता केळी दाबून बघू शकायची.

हा तिसरा अल्बम मात्र सगळ्यांना आवडला आहे. सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना. हा शब्द मी तळतळून लिहिते आहे. सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर. डलिचकडच्या ज्या बायका कुत्र्यांना स्वेटर घालतात त्या ऐकतात. रेडिओवर शनिवारी बागकामाचा कार्यक्रम असतो, त्यात गुलाबांच्या छाटणीच्या मधोमध त्याचं गाणं लावतात. भिंतीपलीकडचे मिस्टर व्हिटल, ज्यांनी जर्मेन आला की वीस वर्षं झाडूच्या दांड्याने भिंत ठोकली, ते परवा दारात उभे, हातात तबकडी, त्यावर भाच्याची सही मिळेल का म्हणून. त्यांना म्हटलं, मिस्टर व्हिटल, तुमच्या दांड्याच्या ठोक्यावरच तो ताल शिकला. तर माणूस इतका हरखला की डोळ्यांत पाणी आलं. मी टोमणा मारला होता, ताई. या देशात टोमणासुद्धा नीट पोचत नाही.

आणि सगळ्यांना काय आवडलं, तर जर्मेन नव्हे. मी.

ते असं झालं. या गाणं म्हणणाऱ्या पोरांची एक रीतच आहे, दोन गाण्यांच्या मध्ये घरच्या बाईमाणसाचा फोनवरचा निरोप घालायचा. आई रागावतेय, आजी आशीर्वाद देतेय, असं काहीतरी. त्याने म्हणे ऐकणाऱ्याला कळतं की पोराला कुणीतरी आहे. आता जर्मेनची आई पॉलेट फोनवर बोलतच नाही, ती फक्त अंगठा पाठवते. मग राहिलं कोण? नाताळला हा माझा टोप घेऊन गेला (माझा, म्हणजे बाजारातून आणलेला, आईचा नव्हे), मित्रांना जेवू घालतो म्हणून. मार्च उजाडला तरी टोपाचा पत्ता नाही. मी फोन केला, त्याने उचलला नाही, तेव्हा मी निरोप ठेवला. जसा कुणीही ठेवेल तसा. "जर्मेन, मी डेल आत्या. मंगळवार आहे." मग मला खोकला आला म्हणून मी थांबले. मग म्हटलं, "टोप, जर्मेन." एवढंच. त्यानंतर त्याच्या त्या ताडमाड मित्राने माझ्या हीटरवर वाळत टाकलेले मोजे मी चर्चच्या दानपेटीत दिल्याचं सांगितलं, थंडीत बनियन घालत जा म्हणून सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "आणि तो टोप कुणाला दाखवू नकोस. का ते तुला माहितीये."

(हे शेवटचं वाक्य ऐकून तुझ्या मनात काही येईल. येऊ देऊ नकोस. टोपाला पोचा आला आहे, बघायला बरं दिसत नाही, म्हणून म्हटलं.)

तो निरोप त्याने जसाच्या तसा, खोकल्यासकट, अल्बमच्या मधोमध घातला. माझी परवानगी घेतली का? घेतली म्हणे! कंपनीचा कायदाच तसा आहे, ज्याचा आवाज त्याची सही लागते. जर्मेन एका दुपारी आला, मी खारवलेल्या माशाची भजी तळत होते, दोन्ही हात पिठात. त्याने कागद पुढे केला, "आत्या, इथे सही कर ना." आता तुला आपली गल्ली माहीत आहे. पाहुण्याची गाडी उभी करायची तर घरमालकाने पावती भरून सही करायची, नाहीतर दहा मिनिटांत नगरपालिकेचा माणूस काचेवर दंड चिकटवून जातो. आजवर हा पोरगा माझ्याकडे कागद घेऊन आला तो गाडीच्या पावतीसाठीच. मी कोपराने चष्मा सावरला आणि करंगळीने सही ठोकली. सहा पानांच्या करारावर ताई, पिठाचा अंगठा आणि तेलाचा डाग. कंपनीने तो चौकटीत लावलाय.

आता रस्त्याने चालायची सोय उरली नाही. दवाखान्यात गेले, काचेमागच्या पोरीला म्हटलं गुडघ्याचं दाखवायचंय, ती माझा आवाज ऐकून ताडकन उठली आणि म्हणाली, "अय्या! टोप, जर्मेन!" रांगेतले अकरा जण एका सुरात, "टोप, जर्मेन." त्यातला एकजण तर प्राणवायूच्या नळीतून म्हणाला. बसचा ड्रायव्हर दार उघडायच्या आधी मला ते म्हणायला लावतो. शाळेच्या पोरांच्या समूहगायनात तो खोकलासुद्धा बसवलाय, एक जाड मुलगा खोकतो. डेव्हनमधल्या महिला मंडळाने भांडी पुसायची फडकी छापली आहेत, त्यावर माझे शब्द आणि एका आफ्रो केसांच्या बाईचं चित्र, जी माझ्यासारखी तर नाहीच पण कुणासारखीच दिसत नाही. आणि सगळे मला 'डेल आत्या' म्हणतात. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली, मिसेस सॅम्युएल्स म्हणा असं जिभेला फोड येईस्तोवर सांगितलं, कुणी म्हटलं नाही. आता आख्ख्या देशाची मी आत्या. कुणाची मेहरबानी मागितली होती?

वर्तमानपत्रवाल्यांनी तर कहर केला. टर्मिनस आता गल्लीचा राहिला नाही, सर्वांचा झाला, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं की तो मऊ पडला, म्हाताऱ्यांचा लाडका झाला, जुन्या चाहत्यांनी तोंड फिरवलं. (हे खरं आहे. लेनर्डच्या गल्लीतली पोरं त्याला 'भातखाऊ' म्हणून हाक मारतात.) तिसऱ्या एका बाईने 'कुणाला दाखवू नकोस' या वाक्यावर दोन पानं लिहिली, की हा समुद्र ओलांडून आलेल्या एका पिढीच्या मौनाचा उद्गार आहे, तो टोप म्हणजे टोप नव्हेच, ती हरवलेली मायभूमी. मी त्यांना पत्र लिहिलं, की बाई, तो टोपच आहे, अॅल्युमिनियमचा, चार किलोचा, त्यात भात होतो. त्यांनी तेही छापलं, वर मथळा दिला: 'आत्या मौन सोडते'.

हे सगळं मी गिळलं असतं. पण अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याने टोपाचाच फोटो लावला आहे. मोठा, जवळून घेतलेला, मागे लाल पडदा, आणि टोपावर झाकण म्हणून एक ताट. बसच्या कुशीवर, स्टेशनच्या भिंतीवर, जिकडेतिकडे. डाव्या कानाच्या खाली पोचा स्पष्ट दिसतो. आता तू म्हणशील की तसाच पोचा आईच्या टोपालाही होता, तू सतरा वर्षांची असताना एव्हर्टनने खिडकीखाली शिट्टी मारली आणि तू दचकून टोप जिन्यावरून सोडलास तेव्हाचा. असेल. जगात जिने खूप आहेत आणि शिट्टी मारणारे त्याहून जास्त. योगायोग म्हणून काही चीज असते की नाही?

परवा तर त्यांनी मला सकाळच्या टीव्हीवर नेलं. नको नको म्हटलं, पण पास्टरांनी प्रवचनातच जाहीर करून टाकलं. (त्याआधीचं प्रवचन 'घेतलेली वस्तू परत करा' यावर होतं. मधे थांबून, माझ्याकडे बघून, "टोप, जर्मेन." सगळी सभा हसली, टाळ्या पिटल्या. मी पहिल्या रांगेत जांभळी टोपी घालून बसले होते, ती डोळ्यांवर ओढून घेतली. का ओढली ते मला विचारू नकोस.) तर टीव्हीवर मी त्याच टोपात आपला रविवारचा भात करून दाखवायचा, राजमा आणि नारळाचं दूध घालून, आणि जर्मेनने शेजारी उभं राहून हसायचं. सगळं नीट चाललं होतं. कांद्याची पात, थाईम, अख्खी मिरची वर ठेवून न फोडता, एकेक सांगत होते. पाणी आटलं, आता वाफ धरायची. तेवढ्यात त्यांचा तो दाढीवाला आचारी म्हणाला, "आणि याचं झाकण कुठाय, आत्या?"

जर्मेनने माझ्याकडे बघितलं. मी कॅमेऱ्याकडे बघितलं. "हरवलं," म्हटलं मी. आख्ख्या देशासमोर. मग त्या दाढीवाल्याने वर चांदीचा कागद लावला आणि व्हायचं तेच झालं, वरचा भात कच्चा आणि खालचा करपलेला, आणि ती दात चमकवणारी निवेदिका घास घोळवत घोळवत "अप्रतिम" म्हणाली. कॅटफर्डच्या सगळ्या बायकांनी ते शीत तिच्या दाताखाली करकरताना ऐकलं. आज चर्चमध्ये सिस्टर मरलीनने माझा हात हातात घेऊन सांत्वन केलं. तसं मयताला करतात.

घरी आलो तर जर्मेनने टोप माझ्या ओट्यावर ठेवला नाही. गाडीतच ठेवला. म्हणाला, "आत्या, हा आता तुला नाही देणार. ज्यांचा आहे त्यांना देणार." डिसेंबरात त्याचा किंग्स्टनला कार्यक्रम आहे, तिथून तो मँडेव्हिलला तुझ्याकडे येणार आहे, टोप घेऊन. आणखीही बरंच बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा तुला हात जोडून विनंती एवढीच. तो आला की त्याला पोटभर जेवू घाल, पण टोप हातात घेऊ नकोस. त्याला सांग, हा आपल्या आईचा नव्हे, मी तिचा टोप ओळखते, हा तुझ्या डेल आत्याने बाजारातून आणलेला, जा परत देऊन ये. तू सांगितलंस की तो ऐकेल. तुझं सगळेच ऐकतात, बकरी सोडून.

तुझी धाकटी बहीण,
डेलरोझ

ता. क. - पाकीट चिकटवलं होतं, किटलीच्या वाफेवर धरून उघडलं. ताई, टोप आईचाच आहे. तडकला वगैरे काही नाही, तो टोप तडकायला रणगाडा लागेल. जर्मेन काय बोलला ते लिहिते. म्हणाला, "झाकण पोस्टात मीच टाकून आलो होतो आत्या. तूच पेपरात गुंडाळून दिलंस. इसिल्डा आत्या फोनवर रडत होती, 'निदान झाकण तरी राहिलं' म्हणत होती, आणि तू फोन कानाला लावून त्याच टोपात भात ढवळत होतीस. सात वर्षं मी हे पोटात ठेवलंय. म्हणून लावला फोटो. तिनं बघावं म्हणूनच लावला." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, म्हणून मी त्याला आणखी भात वाढला. मी का केलं असं, ते ऐक. आई गेली होती. तू कायमची चालली होतीस. तुझ्या पेट्या दारात रचलेल्या होत्या, आणि तू सहज म्हणालीस, "टोप मी नेते हं, डेल." मला वाटलं टोपही गेला तर या घरात रविवार येणारच नाही. खोटं बोलायला अर्धं मिनिट लागलं. निस्तरायला सात वर्षं जमलं नाही.

ता. क. २ - हे पत्र टाकायला जर्मेनकडे दिलं तर तो हसायलाच लागला आणि त्याने फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला. म्हणजे जूनपासून तुझं नि त्याचं बोलणं चालू आहे! बकरीवाल्यांच्या नातीने तुला पहिल्या आठवड्यातच मुखपृष्ठ दाखवलं होतं! तू तुझ्या व्हरांड्यात, मांडीवर झाकण, आणि खाली निरोप: "डेलला सांग, टोपाचं नंतर बघू. वर झाकलेलं ते ताट माझ्या लग्नातल्या सेटचं आहे. तो सेट सामानवाल्यांनी फोडला असं तीच म्हणाली होती." चार महिने तू गप्प बसून माझी गंमत बघितलीस. मोठी बहीण आहेस की पोलीस?

ता. क. ३ - बाकीची पाचही ताटं शाबूत आहेत. मोजायला ये. जर्मेनला मी टोप आणू देणार नाही, त्याच्याकडून काढून घेऊन घासून ठेवलाय, तेव्हा तुलाच यावं लागेल. भांडायचं ते इथे येऊन भांड, तुझी खोली मी कुणाला दिलेली नाही. झाकण पोस्टाने मात्र पाठवू नकोस, मांडीवर घेऊन ये. ताटावर आईचं बायबल ठेवून वाफ धरायला बघते गं, पण वाफ निसटतेच. तू गेल्यापासून एका रविवारी माझा भात धड झालेला नाही.